दिनेशचं माप

दिनेश गेला, आणि त्याचं बारावं अडलं ते चपलेपाशी.

हसू आलं तर हसा. त्यालाही आलं असतं.

जे त्याला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. दिनेश आमच्या कंपनीत ऑपरेटर. मूळचा दातिवऱ्याचा, राहायला सरावलीला. आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपमधला सगळ्यात मोठा आवाज आणि सगळ्यात रुंद पाय.

मी त्याच कंपनीत स्टोअरला आहे. सगळ्यांना सेफ्टी शूज मीच देते. एखाद्याचं नाव विसरेन, पाय विसरणार नाही.

आणि दिनेशचा पाय म्हणजे! टाच चारचौघांसारखी, पण पुढे असा पसरट की बोटं चपलेच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकवायची.

"खाडीच्या चिखलात वाढलेला पाय हाय बाय. त्याला कोंडून नाय ठेवायचा."

सायकल घेतली ती एकाच हट्टाने. सुट्टीला आईकडे दातिवऱ्याला जायचं ते सायकलवर. पालघर, केळवे करत, समुद्राच्या कडेकडेने.

मग गडी मला न विचारता ऑनलाइन क्लीटवाले शूज, तळाला पेडलमध्ये अडकणारी पट्टी असते ते, मागवून मोकळा. नंबर कुठला टाकला?

सेफ्टी शूजचा!

ही चूक आमच्या एमआयडीसीतली माणसंच करू जाणोत. अरे, सेफ्टी शूजला पुढे लोखंडी टोपी असते, तो मुळातच ऐसपैस. रोड सायकलिंगचा शू पुढे निमुळता. नंबर तोच, पण बोटांना जागा कुठे आहे?

जवळची कुंभवली येईस्तोवरच साहेबांची बोटं बधिर.

मग दुसरी चूक. परत पाठवून दोन नंबर मोठे मागवले. रुंदी जेमतेम मिळाली, लांबी मात्र नको इतकी. टाच आत वर-खाली, क्लीट भलत्याच जागी, आणि गुडघा धरला तो धरलाच.

"विकतो सायकल. देवाने हे पाय होडी ढकलायला दिलेत, पेडल मारायला नाय."

"आणि आईकडे?"

"यष्टी हाय ना."

तोंड एवढंसं झालं होतं. मला ते बघवेना. म्हटलं, गप बस, आणि शिफ्ट सुटली की स्टोअरला ये.

शिफ्टनंतरच बोलावलं, कारण दिवसभर उभं राहून पाय फुगतो आणि खरं माप तेव्हाच कळतं. सायकलचे मोजे घालून, दोन्ही पायांवर वजन टाकून पुठ्ठ्यावर उभं केलं. मार्करने कड काढली. लांबी सगळेच मोजतात, मी पंज्याची रुंदी मोजली.

रविवारी त्याला घेऊन थेट दुकानात. वाइड फिटिंगचेच दाखवा म्हटलं. प्रत्येक शूमधला आतला सोल बाहेर काढायचा, त्यावर दिनेशला उभं करायचं. पाय सोलबाहेर गेला की तो जोड बाद.

दुकानदार वैतागला. "मॅडम, वापरून सैल होतात हो."

"तळ दगडासारखा कडक आहे, तो कुठून सैल होणार? पुढचा दाखवा."

माझ्याशी या विषयावर वाद घालू नये.

शेवटी एक जोड बसला. टाच पक्की, पुढे मोकळं. दिनेश दुकानातच ओरडला, "बाय, बोटं नाचतात गो!"

पुढच्याच सुट्टीला दातिवरे गाठलं. आई अंगणातून म्हणाल्या म्हणे, "पायात काय रे घातलंस, घोड्यासारखं टकटक वाजतंय?"

त्यानंतर त्याने आईकडे जायची एक सुट्टी चुकवली नाही.

आणि परवा-परवा, भरल्या ताटावरून उठता उठता छातीत कळ आली. हॉस्पिटलचं दार काही दिसलं नाही त्याला.

मला अजून राग येतोय. कोणावर, ते माहीत नाही.

काल आम्ही दातिवऱ्याला होतो. गेलेल्याला लांबची वाट चालायची असते म्हणून बाराव्याला त्याच्या नावाने चप्पल, छत्री दान देतात. चुलत भावाने चांगली चामड्याची चप्पल आणली होती. आईंनी ती हातात घेतली, पुढच्या बाजूवर हात पसरून बघितला, आणि खाली ठेवली.

"ही त्याला नाय व्हायची."

"काकी, दानाची हाय. गुरुजी घालतील."

"नाव कोणाचं घेणार? वाट कोण चालणार? जन्मभर बोटं चिरडली माझ्या पोराची. आता तरी नको."

भाऊ हळूच म्हणाला, मग ते सायकलचे महागाचे बूट द्या. मी म्हटलं, ते पेडलसाठी असतात, त्यात धड दहा पावलं चालवत नाही. आणि दिनेशला तर चालायचंच होतं.

सुनीताने, त्याच्या बायकोने, माझ्याकडे बघितलं. मी पालघरला निघाले.

दुकानातला पोरगा म्हणाला, "कोणासाठी हवी? त्यांनाच घेऊन या ना, ताई."

"ते नाही येणार."

एवढं बोलले आणि तिथेच रडले. मग डोळे पुसले आणि कामाला लागले. पुढून मोकळी, वरचा पट्टा हवा तेवढा सोडता येईल अशी सँडल काढायला लावली. आतून हात फिरवला. शिवण कुठे टोचत नाही ना, बघितलं. मला दोन जोड आवडले नाहीत, तिसरा घेतला.

आज विधी झाला. गुरुजी सडपातळ. रीतीप्रमाणे त्यांनी सँडल पायात घातली आणि अंगणात चालून दाखवलं. पाय आत इकडून तिकडे सरकायला लागला. फटक, फटक. भावाने कपाळाला हात लावला.

आई मात्र बघत राहिल्या. बारा दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल झाला.

"त्यांना ढिली होते ना? मंग बराबर हाय. माझ्या दिनेशच्या मापाची हाय."

जा दिनेश. सावकाश जा.
तुझ्या सगळ्या सायकलवाल्यांकडून तुला मनापासून श्रद्धांजली.