एका सॉकेटचा डबा

यांगूनच्या या गल्लीत वीज आली की सगळ्या गॅलऱ्यांतून एकच आरोळी उठते, "आऽली!" त्या पहाटेही ती उठली. सहाव्या मजल्यावर दॉ न्वे यिन मात्र नवऱ्याच्या पाठीला टेकू देऊन खिडकीपाशी बसल्या होत्या आणि हमसून हमसून रडत होत्या. ऊ बा सेन यांचे ओठ जांभळे पडले होते. ऑक्सिजनचं मशीन पुन्हा घुरघुरायला लागलं, तेव्हा कुठे त्यांची धाप हळूहळू कमी झाली.

चूक कोणाची म्हणायची? गाडीची जुनी बॅटरी आणि तिला जोडलेला इन्व्हर्टर, वीज गेली की एवढ्यावर या घरातलं मशीन चालायचं. पण जिन्यातल्या साऱ्या बिऱ्हाडांचे फोनही त्याच बॅटरीवर पोसले जायचे. दॉ न्वे, आपल्याकडच्या भाषेत न्वेबाई, ब्लाउज शिवायच्या. अख्ख्या इमारतीची मापं त्यांना पाठ, पण 'नाही' हा शब्द काही त्यांच्या तोंडून फुटत नसे. आपल्या नकाराने समोरचा अवघडेल, म्हणून आपणच अवघडून घ्यायचं, ही भीड या शहराच्या हाडीमांसी मुरलेली आहे आणि बाईंच्या वाट्याला तर ती जरा जास्तच आली होती. त्या पहाटे वीज गेलेली असतानाच पाचव्या मजल्यावरच्या दॉ छिन म्या भाताचा इलेक्ट्रिक कुकर काखोटीला मारून वर आल्या.

"न्वे, भिक्खू आत्ता येतील गं भिक्षेला. तेवढा भात शिजू दे."

भिक्खूंच्या भाताला नाही म्हणायचं? ते पाप कोण डोक्यावर घेणार? बाईंनी स्वतःच्या हाताने कुकर लावून दिला. इन्व्हर्टरने दोन आचके दिले आणि जीव सोडला. पाठोपाठ मशीनची शिट्टी किंचाळायला लागली.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "पुन्हा असं झालं तर मी काही करू शकणार नाही." उन्हाळा तोंडावर आला होता. आता दिवसातून दोनदा, चार-चार तास वीज जाणार होती. बाईंनी साठवलेलं सगळं पिशवीत घातलं आणि पॉवर स्टेशन, म्हणजे घरात ठेवायची मोठ्या बॅटरीची पेटी, आणायला बाजार गाठला.

दुकानदार को लत तोंडाने भलताच गोड होता. त्याने काचेच्या कपाटातून एक चकचकीत पेटी काढली. "मावशी, हे घ्या. सहा सॉकेट, फोनसाठी वेगळी भोकं, वर दिवापण आहे. अख्ख्या मजल्याची सोय होईल बघा!"

'अख्ख्या मजल्याची' हे शब्द कानावर पडले आणि बाईंनी पेटीवरचा हात मागे घेतला.

"यावर आमचं मशीन किती वेळ चालेल?"

"नुसतं मशीन लावलंत तर चार तास."

"वीज पण चारच तास जाते रे."

"मग पुरेल की. जेमतेम पुरेल, पण पुरेल. शेजारपाजारचं काही लावलंत तर मात्र मी बांधील नाही हं. नाहीतर मोठं घ्या, आठ तासांचं."

मोठ्याची किंमत ऐकूनच बाई मागे सरल्या. परवडलं असतं तरी ते धूड सहा जिने चढवणार कोण? पण खरी धास्ती वेगळीच होती. त्या सहा सॉकेटांकडे बघताना त्यांना सहा शेजारणी दिसत होत्या. एकीचा फोन, एकीचा पंखा, एकीची आजारी सून. तोंडाने प्रत्येकीला 'या की, लावा की' म्हणणारी मीच असणार. आणि त्या चार तासांतला शेवटचा अर्धा तास कोणाच्या छातीतून जाणार, हे काय त्यांना सांगायला हवं होतं?

"यापेक्षा कमी सॉकेटचं आहे का?"

को लत हसला. "लोक जास्त मागतात, मावशी."

"मला एकच हवं."

कोपऱ्यात, दुकानातच जोडलेला एक निळा पत्र्याचा डबा पडला होता. बॅटरी तीच, चार तासांची, पण ना दिवा, ना फोनची भोकं. तोंडाला एकच सॉकेट. को लतने त्यावरची धूळ पुसली. "दिसायला काही नाही हो याच्यात."

"मला कुठे त्याच्याशी लग्न लावायचंय? बांध."

घरी परतताना बाई मनातून खूश होत्या. सॉकेट एकच, त्यात मशीनचा प्लग. आता कोणी आलं तर डब्याकडे बोट दाखवायचं. नकार डबा देणार, बाई नामानिराळ्या. बिचारीला वाटलं, सुटले.

तिसऱ्या दिवशी पहाटे वीज गेली. निळा डबा गुणगुणू लागला, ऊ बा सेन शांत झोपून होते. आणि जिन्यावर ओळखीच्या चपला वाजल्या. दॉ छिन म्या, काखोटीला तोच कुकर.

"झाली का सोय? बरं झालं बाई! कोळसा संपलाय गं माझा, आणि भिक्खू नाक्यावर आलेत."

दॉ न्वे यांनी डब्याकडे बोट दाखवलं. "ताई, एकच सॉकेट आहे हो. काय करणार?" आवाजात जमेल तेवढी हळहळ ओतली.

दॉ छिन म्यांचा चेहरा पडला. तेवढ्यात कॉटवरून ऊ बा सेन उठून बसले. भिडेच्या बाबतीत नवरा बायकोच्याही वरचढ होता. त्यांनी नाकातली नळी काढली आणि मशीनचा प्लग उपटला.

"लावा ताई कुकर. मी बसतो तेवढा वेळ खिडकीत. भिक्खूंचा भात आहे."

मशीन किंचाळलं. दॉ छिन म्यांचा हात कुकरच्या वायरीसकट पुढे आला. रित्या सॉकेटकडे बघताना बाईंना त्या पहाटेचे जांभळे ओठ दिसले.

"नाही."

"अगं, पुण्याचं काम..."

"नाही म्हटलं ना, ताई! यांच्या श्वासावर भात शिजवायचा नाही. आजही नाही आणि उद्याही नाही."

 बाईंनी प्लग लावला, नळी नवऱ्याच्या नाकात घातली आणि त्यांच्याकडे असं पाहिलं की शाळेत चाळीस वर्षं पोरांना दरडावणारा तो मास्तर निमूट आडवा झाला. दॉ छिन म्या कुकर पुन्हा काखोटीला मारून जिना उतरल्या. बाई भिंतीला टेकून बसल्या. इतक्या वर्षांचं शेजारपण आपण एका शब्दात घालवलं, असं त्यांना वाटलं आणि रडू फुटलं.

दुपारी पुन्हा वीज गेली. जिन्यात पावलं वाजली, हसणं ऐकू आलं. सहाव्या मजल्यावर नवी पेटी आल्याची खबर पसरली होती. बाई दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.  सकाळचा शब्द पुन्हा निघेल का, त्यांची त्यांनाच खात्री नव्हती.

पाचव्या मजल्यावर दॉ छिन म्यांचा खणखणीत आवाज घुमला.

"कुठे निघाल्या गं चार्जर घेऊन? वर जाऊ नका. ती न्वे आता तोंडावर नाही म्हणते! मलाच म्हणाली, भिक्खूंच्या भाताला! तिथे तुमचं काय चालणार?"

"न्वे? आपली न्वे?"

"तीच ती! चला, उतरा खाली. सरांचं मशीन चालू आहे, गोंगाट नको."

पावलं परत फिरली. दॉ न्वे यिन यांची उभ्या इमारतीत बदनामी झाली होती. त्यांनी अलगद दार लावलं आणि निळ्या डब्याच्या गुणगुणण्याशेजारी शिवायला बसल्या.