तीन वार व्हायच्या आधी

लग्न ठरलं तेव्हा मला सांगितलं होतं, मुलगा उरवड्याच्या कारखान्यात ऑपरेटर आहे. तो स्टार आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी जरा विचार केला असता.

बार्शीकडून मी मुळशीत आले ती अठ्ठ्याण्णव साली. माप ओलांडून आत पाऊल टाकलं आणि बघते तर समोरच्या भिंतीवर घड्याळंच घड्याळं. गोल, चौकोनी, मोराच्या आकाराची, आणि एकाचा मेळ दुसऱ्याशी नाही. सगळी माझ्या नवऱ्याला टेनिस बॉलच्या स्पर्धांत सामनावीर म्हणून मिळालेली. पुढे घड्याळं गेली आणि मिक्सर आले, मग कूलर आले, आणि एकदा तर फ्रिजच टेम्पोतून वाजतगाजत उतरला. माझ्या भावाला वाटलं, दाजी दुकान काढतायत.

रविवारी सकाळी त्यांना न्यायला जीप यायची. जमिनी विकून ज्यांच्याकडे नवा पैसा आला होता अशा गावांचे संघ बाहेरचा खेळाडू म्हणून त्यांना घेऊन जायचे, आणि एका दिवसाचे असे पैसे द्यायचे की कारखान्यात आठवडाभर घाम गाळून मिळाले नसते. कॉलर वर, गॉगल मानेवर मागच्या बाजूला. पंचाने पायचीत दिलं तर बॅट फेकायची, आणि लोक त्यालाही शिट्ट्या मारायचे. मैदानावर पाण्याची बाटली झाकण उघडून हातात मिळायची, त्यामुळे घरीही हे तांब्याकडे बघत बसायचे. मी म्हणायचे, "अहो, तो तांब्या आहे, बारावा खेळाडू नाही. चालत यायचा नाही." त्यावर हसायचे, पण उठायचे नाहीत.

एवढं चिडूनही, एकदा बांधावर उभी राहून मी त्यांचा खेळ पाहिला आणि मला कळलं की लोक का वेडे होतात. चेंडू बॅटवरून निघून बाभळीच्या वर गेला, आणि ह्यांनी तो कुठे पडतोय ते बघितलंसुद्धा नाही. त्या दिवशी मी त्यांच्या प्रेमात पडले. लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती.

सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, मुलाचा खेळ कधीच बघितला नव्हता. "फळीनं चेंडू बडवायचा आन् लोकांनी पैसं द्यायचं, ह्यात कायतरी गडबड हाय," एवढंच म्हणायचे. बापलेकांचं भांडण असं नव्हतं. बोलणंच नव्हतं फारसं, भातलावणी आणि बैलांपुरतं.

पण स्टार म्हणाल तर खरे स्टार आबाच होते. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी देवळाच्या सभामंडपात, देवाला वाहिलेल्या वस्तूंचा लिलाव व्हायचा. नारळ, लुगडी, भोपळे, कोंबडे. बोली पुकारायचा मान आबांचा. त्यांचा आवाज ओढ्यापलीकडच्या वस्तीवर जायचा. साध्या नारळाला ते असं काही चढवत, की घेणारा घरी जाऊन बायकोची बोलणी खायचा. आणि त्या लिलावाचा एक नेम होता. देवाच्या दारात आलेली वस्तू बिनबोलीची परत जायची नाही, देवाचा अपमान होतो. कुणीच बोललं नाही तर पुकारणारा स्वतः म्हणायचा, "माझ्याकडं." आणि एकदा पुकारणाऱ्याने घेतली की तिच्यावर कुणी चढी बोली लावायची नाही.

त्यामुळे गावाला नको असलेलं सगळं आमच्या घरी यायचं. किडका भोपळा, विटलेलं लुगडं, एक आंधळा कोंबडा. एकदा लंगडी शेळी आली. कसायाकडे द्या म्हणून सगळ्यांनी सांगितलं, पण आबा तिला रोज कडेवर घेऊन बांधावर न्यायचे. ती आमच्याकडे म्हातारी होऊन मेली. मला आधी वाटायचं, हा माणूस भोळा आहे. मग हळूहळू कळलं, की नको म्हटलेली वस्तू त्यांना बघवतच नाही.

आमच्याकडे आंबेमोहोर न्यायला एक पाहुणे यायचे. कासार आंबोलीत त्यांचा बंगला होता. एके काळी मोटारींच्या शर्यतीत नाव काढलेला माणूस. पेपरात फोटो, गाडीभर कंपन्यांची नावं. पहिल्यांदा आले तेव्हा गाडी अशी भरधाव आणली की आमच्या कोंबड्या दोन दिवस अंड्यावर बसल्या नाहीत, आणि आबांनी त्यांना अंगणात उभं करून झापलं. तेव्हापासून दर महिन्याला येत आणि फाट्यापासून गाडी बैलगाडीसारखी चालवत. एकदा चहा पिताना मला म्हणाले, "वहिनी, अपघातानंतर सहा महिने घरी होतो. फोन वाजायचा बंद झाला. तेव्हा समजलं, लोक हात करायचे ते गाडीला. आत मी होतो, इतकंच."

मी ते हसण्यावारी नेलं. आमच्याकडे अजून जीप येत होती.

मग ह्यांचा खांदा गेला. फेक बंद झाली, मग उंच फटके बंद झाले. जीप दर रविवारऐवजी महिन्यातून एकदा यायला लागली, आणि मग आलीच नाही. रविवारी सकाळी हे तयार होऊन ओट्यावर बसायचे आणि नऊ वाजता उठून गोठा झाडायला घ्यायचे. मला ते बघवायचं नाही. तांब्याकडे बघत बसलेले परवडले, असं वाटायचं.

त्याच सुमाराला टीव्हीवर शहरांच्या संघांची मोठी लीग सुरू झाली. खेळाडूंचा लिलाव, कोटींच्या बोली. आमच्याकडच्या जमीनवाल्यांना ते भलतंच आवडलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी तालुक्याची लीग काढली. आठ संघ, आठ मालक, आणि त्यातले एक मालक आमचे शर्यतवाले पाहुणे. लिलाव आमच्या गावात, देवळाच्या सभामंडपात, आणि पुकारायला आबा. दुसरा तसा आवाज होता कुणाकडे?

"मान्सं बी बोलायची व्हय?" आबांनी विचारलं. पण देवळाचं नाव निघालं आणि त्यांना नाही म्हणवेना.

ह्यांनी नाव दिलं. मी म्हटलं, "नका देऊ. खांदा तरी बघा." तर म्हणाले, "आपल्याच गावात, आपल्याच देवळात लिलाव हाय. तितं माझं नाव न्हाई म्हंजे मी संपलो की." कुणी घेतलं तर एक मोसम तरी मिळणार होता. नाही घेतलं तर सगळ्या तालुक्यासमोर, बापाच्या तोंडून, हे संपले असते. लिलावाच्या दिवशी सकाळी मी देवापुढे दोनदा दिवा लावला. त्यांनी शर्टाला इस्त्री स्वतः केली. कॉलर मात्र वर केली नाही.

सभामंडपात मालक पुढे खुर्च्यांवर, गाव मागे सतरंजीवर, आम्ही बायका खांबापाशी. आबा पायरीवर उभे. सुरुवातीला जरा अडखळले, मग यात्रेचा आवाज लागला. नांदे गावचा एक फलंदाज होता, केस रंगवलेले, च्युइंगम चघळत, गॉगल मानेवर मागे. त्याची बोली चढत चढत इतकी गेली की बायकासुद्धा ओरडल्या. माझा नवराच दहा वर्षांपूर्वीचा. हे मागच्या रांगेतून त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होते. तो मात्र बोली होताच मित्रांबरोबर निघून गेला.

मग ह्यांचं नाव आलं. आबांनी ते वाचलं, आडनावासकट, परक्याचं वाचावं तसं. "उजव्या हाताचा फलंदाज. बोला."

कुणी बोललं नाही. एका मालकाने मोबाइल काढला. दुसरा शेजारच्याच्या कानाशी लागला. शर्यतवाले हनुवटीवर हात ठेवून खाली बघत होते.

"एक वार," आबा म्हणाले. वर पंखा करकरत होता. हे सरळ समोर बघत बसले होते, फोटो काढताना बसतात तसे.

"दोन वार."

तो आवाज ओढ्यापलीकडे जाणारा नव्हता. माझ्यापर्यंतही जेमतेम आला. आबांनी कागदावरून मान वर केली, मुलाकडे बघितलं, आणि तिसरा वार पुकारण्याआधीच म्हणाले,

"माझ्याकडं."

शर्यतवाले ताडकन उठले. "आबा, थांबा! मी घेणार होतो ह्यांना. मुद्दाम थांबलो होतो, तिसऱ्या वाराला हात वर करणार होतो!" शहरात तसंच करतात म्हणे. लवकर हात वर केला की किंमत वाढते. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांना आमचा नेम माहीत नव्हता आणि आबांना त्यांचा.

गलका झाला. मालक म्हणाले, पुन्हा पुकारा. मागून म्हातारे म्हणाले, "पुकारनाऱ्यानं घेतलं म्हंजी घेतलं. आता वर चढाया येत न्हाई. देऊळ हाय हे." आबांनी हातातला कागद खाली घेतला. "मला काय ठावं," ते कुणाकडेही न बघता म्हणाले, "कुनी घेनार हाय म्हनून." ह्या माणसाने जन्मभर देवाच्या दारातलं एकही नकोसं परत जाऊ दिलं नाही, आणि आज त्याच मायेपायी मुलाचा शेवटचा मोसम गेला होता. मला रडू फुटलं. दोघांसाठी.

हे उठले. पंचावर चिडून बॅट फेकणारा माणूस, आता काय करतो ह्याची लोक वाट बघत होते. मीही बघत होते.

"बोली ती बोली," हे म्हणाले. "आबांनी घेतलंय मला."

आणि सतरंजीवरून चालत गेले ते थेट पायरीमागे, जिथे लिलावात घेतलेल्या वस्तू ठेवतात, तिथे जाऊन उभे राहिले. तिथली पाण्याची बाटली उचलली, झाकण उघडलं आणि आबांच्या हातात दिली. "घसा सुकलाय तुमचा. प्या, आन् पुढचं नाव घ्या." लिलाव संपेपर्यंत हे तिथून हलले नाहीत.

बाहेर चपला घालताना शर्यतवाले माझ्याशेजारी आले. डोळे लाल झाले होते. "वहिनी," म्हणाले, "मी त्यांना खेळायला घेणार होतो. आबांनी नुसतंच घेतलं." आणखी काही बोलायचं होतं त्यांना, पण गाडीकडे गेले.

स्पर्धेच्या पहिल्या दिवशी आबांनी धुतलेलं धोतर नेसलं आणि मुलाला म्हणाले, "चल, दाव तरी काय असतं ते." आयुष्यात पहिल्यांदा ते मैदानावर गेले. मी डबा घेऊन मागून गेले. दोघं बांधावर मांडीला मांडी लावून बसले होते, आणि आबा एकेका चेंडूला विचारत होते, "आता ह्यो का पळाला? त्यो का न्हाई पळाला?" आणि हे, ज्यांना घरी एक गोष्ट दोनदा सांगायचा कंटाळा, शांतपणे सांगत होते.

नांद्याचा तो केस रंगवलेला पोरगा पाणी प्यायला बांधापाशी आला. ह्यांच्याकडे बघून त्याने गॉगल काढला. "दादा, तुमी हितं बसलाय? कुठल्या टीममधी हाय तुमी?"

"आबांच्या," हे म्हणाले.

पोरगा हसला. "आबा, आमच्या मालकाला सांगू का? दादांचा खांदा दुखावलाय, पर देत असाल तर घेतील अजून."

आबांनी मैदानावरची नजर काढली नाही. नुसता मुलाच्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवला.

"एकच गडी हाय आमचा," ते म्हणाले. "इकायचा न्हाई."