यादीतला तिसरा नंबर

आमचा शेजारी उल्हास इतका सरळ, की रिकाम्या रस्त्यावरही लाल सिग्नलला थांबतो. जर्मनीत त्याचं कुणाला कौतुक नाही, ते सोडा.

बारा वर्षं तो ड्युसेलडॉर्फच्या एका गॅस कंपनीत आहे. या कंपनीने आधी जवळच्या रूर खोऱ्यातल्या कोळशातून निघणारा गॅस विकला, मग डच, मग रशियन. प्रत्येक नव्या पाइपलाइनला सगळ्यांना वाटलं, आता कायमची चिंता मिटली. उल्हासने दुपारी दोनच्या आत उद्याचा गॅस मागवायचा आणि मागितला तेवढा यायचा.

युक्रेनचं युद्ध पेटलं आणि २०२२च्या उन्हाळ्यात रशियन गॅस निम्म्याहून कमी येऊ लागला, मग जेमतेम पाचवा हिस्सा. साहेबीण फ्राऊ क्लाइनने त्याला गुप्त यादी करायला सांगितली: हिवाळ्यात पुरलं नाही, तर कोणते कारखाने आधी बंद करायचे.

त्यात त्याची बायको शोभना काम करते तो बाटल्यांचा कारखानाही होता. तिथली भट्टी चौदा वर्षं विझलेली नाही. थंड झाली तर आत काच गोठते, भट्टी फुटते आणि चारशे माणसं घरी बसतात. शोभना रोज जेवताना विचारायची, "उल्हास, आमचं काय होणार रे?"

"माहीत नाही," तो ताटात बघत म्हणायचा.

कारण बायकोला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून या शहाण्याने तिचा कारखाना सव्विसाव्या नंबरवरून उचलून तिसऱ्यावर नेऊन ठेवला होता! मला नंतर हे कळलं तेव्हा असा संताप आला.

तीन आठवड्यांनी फ्राऊ क्लाइनने बोलावलं. "बरं, काचेची भट्टी तिसरी? का?"

"माझी बायको तिथे आहे."

"म्हणजे तुमच्याकडे कुणी बोट दाखवू नये, म्हणून चारशे माणसं?" तिने तिथल्या तिथे नंबर पुन्हा सव्वीस केला.

त्या संध्याकाळी उल्हासने आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला आणि शोभनाला सगळं सांगून टाकलं.

"मी रोज विचारत होते," एवढंच ती म्हणाली.

हिवाळा सौम्य गेला, यादी वापरावीच लागली नाही. भट्टी अजून पेटती आहे. शोभना मात्र जेवताना त्याला काही विचारत नाही.