शेवटच्या चार ओळी

आमच्या अल्बमचं कुणी कौतुक केलं की मी विषय बदलतो. कौतुक ठरलेलं असतं : रॉक ठीकच आहे हो, पण त्या बाईंचा आवाज काय लावलाय तुम्ही! लावलाय, हे मात्र खरं. भिंतीला रंग लावावा तसाच लावलाय.

बँडमध्ये आम्ही चौघं होतो. मी ड्रम वाजवायचो आणि गाणी लिहायचो. सराव तासगावात, गिटारवाल्याच्या वडिलांच्या बेदाण्याच्या गोदामात चालायचा. सात गाणी तयार होती आणि सातही भिकार. शब्द माझेच, त्यामुळं हे मी हक्कानं सांगतो. दुपारी पोटभर भडंग खायचं आणि मग कधी न पाहिलेल्या शहरातल्या एकटेपणावर बोंबलायचं, असा आमचा सगळा कारभार.

गोदामाच्या दुसऱ्या टोकाला बायका बेदाणा निवडत बसायच्या. त्यांत एक मावशी होती, मूळची मेढ्याकडच्या डोंगरातली. हात चालू असताना ती गायची. आवाज खरखरीत, वर चढताना मध्येच फाटायचा, आणि फाटला की अंगावर काटा यायचा. एकदा आमचा ॲम्प्लिफायर बंद पडला आणि तो आवाज पहिल्यांदा नीट कानावर आला. मग मीच पुढं होऊन आमच्यासाठी गाल का, असं तिला विचारलं.

ती दोन दिवसांनी तयार झाली, पण एक अट घालून. गाणं तिच्या आईनं रचलेलं होतं. त्यांच्याकडची रीत अशी, की जिनं गाणं जुळवलं तिचं आणि तिच्या गावाचं नाव शेवटच्या चार ओळींत घ्यायचंच. ते न घेता गाणं थांबवलं तर ती चोरी. आईचा फोटो कधी काढलेला नव्हता. सातबाऱ्यावरही तिचं नाव नव्हतं.

"बाकी तुमी काय बी करा," ती म्हणाली, "पर शेवट तोडू नका. आईचं तेवढंच हाय माझ्याकडं."

"आवं मावशी, न्हाई तोडत," मी म्हणालो.

सांगलीच्या स्टुडिओत ती एसटीनं आली. चपला दाराबाहेर काढल्या, पदरावरून हेडफोन चढवला आणि एका दमात सगळं गाणं म्हणून मोकळी झाली. शेवटच्या चार ओळींना तिनं हात जोडले. काचेपलीकडं रेकॉर्डिंग करणारा माणूस हातातला चहा प्यायचा विसरला होता.

बेदाण्याच्या सौद्यात व्यापाऱ्यांची एक खोड मी लहानपणापासून पाहत आलोय. उघड्या बॉक्समधून मूठभर बेदाणा उचलायचा, दोन दाणे चघळायचे आणि उरलेली मूठ खाली टाकून पुढच्या बॉक्सकडं जायचं. ज्यानं वर्षभर बाग जपली तो शेजारी उभा राहून बघतो. सौदा संपेपर्यंत चपलांखाली चिकट लगदा झालेला असतो. आमचा गिटारवाला याच सौद्यांत वाढलेला. त्यानं मावशीच्या गाण्यातली सुरुवातीची ती चढती हाक तेवढी ठेवली, तीन गाण्यांत पसरली आणि बाकीचं गाणं पुसून टाकलं. मी विचारलं तर म्हणाला, शब्द कुणाला कळतात, चव आली की झालं.

मी भांडायला हवं होतं. पण त्या हाकेनं माझं मेलेलं गाणं उठून उभं राहिलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. निर्लज्ज, गुळगुळीत आनंद. मावशीला काही कळवलं नाही.

अल्बम सांगलीतल्या एका छोट्या हॉलमध्ये सगळ्यांना ऐकवला. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसून माझ्या शेजारी बसली होती. पहिल्या गाण्यात तिची हाक आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, ती लाजली. दुसऱ्यात आली तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं. तिसऱ्यात आली तेव्हा हळूच विचारलं, "आईचं कवा येतंय?"

"पुढं हाय, मावशी," मी म्हणालो आणि समोर बघत राहिलो.

सातही गाणी संपली. लोक उठले, आमच्या पाठीवर थापा पडल्या, पेढे वाटले गेले. मीही दोन खाल्ले. हॉलचा माणूस खुर्च्या एकावर एक चढवत आमच्या रांगेपाशी आला, तर मावशीनं त्याला हातानंच थांबवलं. मी जवळ गेलो आणि गाडीची वेळ होतेय, असं काहीतरी पुटपुटलो.

तिनं पदर सावरला. स्पीकरवरची नजर न काढता म्हणाली, "जाऊ दे गाडी. तुमीच म्हणालासा न्हवं, पुढं हाय."