शिक्का न मारणारे कर्नलकाका

रागावले की कर्नलकाका आधी चष्मा काढून खिशात ठेवत. समोरच्याचं तोंड नीट दिसलं की दया येते, म्हणायचे. फौजेत जनावरांचे डॉक्टर होते. निवृत्तीनंतर चंदीगडलाच राहिले आणि एका खासगी कत्तलखान्यात मांस तपासायची नोकरी धरली. मी मोहालीत आयटीत, सेक्टर बावीसमध्ये त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने. रात्रीचं जेवण मात्र त्यांच्याकडेच.

स्वतः पक्के शाकाहारी. पोळी मोडता मोडता हमखास सुरू व्हायचे, "बकरं मी दोनदा तपासतो. कापायच्या आधी आणि कापल्यावर. फुप्फुसात गाठी दिसल्या की पुरायला लावतो. आणि त्या गाठी उघड्या हातांनी कापणारा यासीन? त्याला कोण तपासतो रे? तुझा बाप?" मी भाजी वाढून घेई.

वर्षभर भांडून त्यांनी कामगारांची टीबीची तपासणी करवली. हातावर सुई टोचायची आणि दोन-तीन दिवसांनी तिथे किती सूज आली ते बघायचं. यासीनचा हात टम्म सुजला. एक्स-रे स्वच्छ, खोकला नाही, ताप नाही. काकांनी त्याला समजावलं, "जंतू अंदर सोया पड़ा है. तू बीमार नहीं, तुझसे किसी को लगेगा भी नहीं. बस गोलियां पूरी खा, ताकि वो जागे ना."

"सोने दो साहब," यासीन हसला. "हम तो दिनभर खड़े हैं, कोई तो सोए."

ठेकेदाराने फाटकावर सगळ्यांच्या बाह्या वर करायला लावल्या आणि हात सुजलेल्यांना घरी धाडलं. आजही आठवलं की डोक्यात तिडीक जाते. त्या कोंदट, ओल्या खोलीत यांना वर्षानुवर्षं उभं करणारा हाच. तिथे जे अंगात शिरलं, त्याची शिक्षाही यांनाच.

पुढच्या रविवारी काकांना मीच बाइकवरून कामावर सोडलं. मांस टांगलेलं, गाड्या उभ्या. काकांच्या शिक्क्याशिवाय तुकडाही बाहेर जात नसे. काकांनी चष्मा काढला आणि खुर्चीत ठाण मांडलं.

"पहले मेरे बंदे अंदर."

"डॉक्टर साब," ठेकेदार गिऱ्हाइकांच्या धास्तीने काकुळतीला आला, "गाहकां नूं पता लग गया ते?"

"तो मेरे पास भेज देना."

ऊन चढलं, गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. दुकानदारांचे फोनवर फोन आले, तेव्हा कुठे यासीन आणि बाकीचे आत आले. मग काकांनी शिक्के मारले.

महिन्याभरात काकांना काढलं. वय झालं म्हणे. मुलगी त्यांना सांगलीला घेऊन गेली. निघताना मला बजावलं, "यासीनला गोळ्या सोडू देऊ नकोस."

मी यासीनकडे जात राहिलो. विनवलं, ओरडलोसुद्धा. तो म्हणाला, "मुकादम थैला खोलके देखता है, भैया. गोली मिली तो छुट्टी. घर रखूँ तो पड़ोसवाले घरवाली को बोल देंगे, तेरा आदमी टीबी का है." गोळ्या त्याने नाल्यात टाकल्या होत्या. नवा डॉक्टर वेळेवर शिक्का मारतो. रविवारी बावीसच्या बाजारात लोक मटण दाबून, हुंगून, निवडून घेतात. त्यांचाही मला संताप येतो.

दिवाळीला काकांचा फोन आला. गोळ्यांचं मी खरं ते सांगितलं. काकांनी एवढंच विचारलं,

"खोकतो का रे?"

"हो काका. आता खोकतो."

"कामावर जातो?"

"रोज जातो."