कुपा आणि वीस मिनिटं

माझ्या साडूभाऊंइतका भिणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नसेल. हे मी उगाच म्हणत नाही, सव्वीस वर्षांच्या अनुभवावरून म्हणतो. लिफ्टमध्ये पाय टाकण्याआधी ते आतल्या पाटीवरचा आकडा वाचत आणि उभ्या असलेल्या प्रत्येकाला वजन विचारून बेरीज करत. एका बाईंना विचारल्यापासून ते जिनाच वापरतात. पैठणच्या एसटीत ते आपत्कालीन खिडकीजवळचीच जागा धरतात आणि गाव येईपर्यंत कडीवरचा हात काढत नाहीत. एकदा कंडक्टरनं काळजीनं विचारलं होतं, "काका, उतरताना तरी दारानं उतरणार ना?" आणि हाच माणूस वाळूजच्या कारखान्यात साडेआठशे अंशांच्या भट्टीसमोर तीस वर्षं निवांत उभा होता. मी कारण विचारलं तर म्हणाले, "भट्टीला मीटर हाये. माणसाच्या आत काय चाललंय, ते कुठं दिसतं?"

साडूभाऊ सोयगावकडचे, मेंढ्या राखणाऱ्या घरातले. माशाशी त्यांचा संबंध आला तो लग्नानंतर, कारण आम्हा दोघांच्या बायका, सख्ख्या बहिणी, मालवणकडच्या. ताई म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली मेहुणी. ती नवी नवरी असताना हौसेनं जायकवाडीचा मासा करायची. ती जेवायला बसली की साडूभाऊ समोर एक केळं आणि कोरड्या भाताचा गोळा घेऊन बसत. काटा अडकलाच तर इलाज हाताशी असावा! मग प्रत्येक घासाला ते तिच्या गळ्याकडं बघत. खाऊ नको असं कधी म्हणाले नाहीत. चौथ्या महिन्यात ताईनं मासा सोडला. माझ्या बायकोला ती एवढंच म्हणाली, "समोर कुणी गळ्याकडं बघत बसलं की घास उतरत नाही गं."

गेल्या हिवाळ्यात ताईला टायफॉइड झाला. ताप उतरला, पण गेलेली चव काही परत आली नाही. वजन अठ्ठावन्नचं एक्कावन्न झालं, एक्कावन्नचं सेहेचाळीस. डॉक्टर म्हणाले, मागेल ते ताजं करून द्या. पण ती काही मागतच नव्हती. साडूभाऊ दर रविवारी वजनकाट्यावर तिला उभं करून मला फोनवर आकडा सांगत, आणि दर आठवड्याला त्यांचा आवाज अर्धा किलोनं उतरलेला असे. एका सकाळी मात्र ती म्हणाली, "कुपा मिळेल का?" कुपा म्हणजे ट्यूना. साडूभाऊंचा लगेच मला फोन, "त्यात काटे किती असत्यात?" मी बायकोला विचारून सांगितलं की मासा मोठा असतो, जाड चकत्या पाडतात, मधलं हाड काढलं की काटा राहत नाही. त्यांनी सुस्कारा सोडला आणि दुसऱ्या क्षणी दुसरी भीती धरली. मुंबई सव्वातीनशे किलोमीटर लांब, तिथून येईपर्यंत मासा खराब झाला तर?

आम्ही दोघं थर्माकोलचा डबा घेऊन बाजारात गेलो. साडूभाऊंनी मासा चारदा हुंगला, बोटानं दाबला, बर्फ कधी बदलला, गाडी कुठं थांबली, सगळं विचारलं. शेवटी मासेवाला म्हणाला, "चाचा, मच्छी लेने आए के पंचनामा करने?" एक किलोत चार चकत्या आल्या, वर तीन किलो बर्फ. बजाजनगरला त्यांच्या घरी पोचेपर्यंत डबा त्यांच्या मांडीवर होता, आणि खरं सांगायचं तर भीती आता मलाही वाटत होती. सेहेचाळीसमधून वजा करायला फारसं काही उरलं नव्हतं.

पहिली चकती माझ्या बायकोनं सांगितली तशी, तिखट-हळद लावून तांदळाच्या पिठात घोळवलेली. साडूभाऊंनी ती अकरा मिनिटं भाजली. दुसरी लिंबू-मिरपुडीची, आठ मिनिटं. तिसरीला काळा मसाला, लसूण आणि करडईचं तेल, सहा मिनिटं. घरभर वास सुटला होता, पण तिन्ही चकत्या वहाणेच्या तळासारख्या झाल्या. ताई एकेक कण तोडी आणि ताट सरकवी. साडूभाऊंनी चौथी, शेवटची चकती हातात घेतली. ताई भिंत धरत स्वयंपाकघराच्या दारात आली.

"मसाला चुकत नाही तुमचा. तुम्ही भिऊन भाजता," ती म्हणाली. "मीठ, हळद, थोडं कोकमाचं आगळ, बस्स. गाभा ओलसर असतानाच उतरवा आणि झाकून ठेवा. आतलं आतल्या उबेवर होतं. भट्टीतून काढलेलं लोखंड आत तापलेलंच असतं ना?"

"व्हय," साडूभाऊ हळूच म्हणाले.

मी घड्याळ धरलं. एका बाजूनं दोन मिनिटं, दुसऱ्या बाजूनं दोन, मग झाकण ठेवून पाच. चकती बोटानं सहज सुटली, पाकळी पाकळी, रसाळ. ताईनं हात पुढं केला तसं त्यांनी ताट मागं ओढलं.

"आधी मी खातो. वीस मिनिटं थांबू. मला काय झालं नाय, तर तू खा."

ताई त्यांच्याकडं बघत राहिली. "आणि तुम्हाला काही झालं, तर मी राहून काय करू?"

साडूभाऊंनी ताट मधोमध ठेवलं. दोघांनी एकदमच घास घेतला. केळं ओट्यावरच राहिलं होतं. ती मासा खात होती आणि पहिल्यांदाच ते तिच्या गळ्याकडं बघत नव्हते. त्यांना खाली मान घालून डोळे पुसायचे होते. ताईनं अर्धी चकती संपवली आणि उरलेल्या अर्ध्यातलाही एक तुकडा उचलला.

आता ताईचं वजन त्रेपन्न आहे. फोन अजून दर रविवारी येतो, साधारण दहा वाजता. "अर्धा किलो वाढलं," साडूभाऊ घाबरत सांगतात, "लई तर नाय ना झालं?" मी आकडा वहीत लिहून घेतो आणि सांगतो, नाही, लई नाही. पण सव्वादहापर्यंत फोन वाजला नाही, तर मी वही उघडी ठेवून नुसता बसून राहतो.