नीलकंठमामांचा अदबशीर मास्क

पासष्टच्या लढाईत जबलपूरच्या फॅक्टऱ्या रात्रंदिवस तोफगोळे बनवत होत्या, तेव्हा आमचे नीलकंठमामा खमरियाच्या फॅक्टरीजवळ टीबीच्या वॉर्डात वॉर्डबॉय होते आणि एका फडक्याशी लढत होते. फडकं म्हणजे तोंडावर बांधायचा मास्क. चार पदरी, चार नाड्यांचा.

मामा मास्क कधी विसरले नाहीत. भानगड एवढीच की समोर वयानं मोठं माणूस आलं की हात आपोआप वर जाई आणि मास्क हनुवटीवर उतरे. "मोठ्यांशी तोंड झाकून बोलायचं? आमच्या घरी नाही बा असं शिकवलं." वीस खाटांच्या वॉर्डात सतरा रोगी त्यांच्याहून मोठे. त्यामुळे टीबीपासून पुरतं संरक्षण मिळालं ते मामांच्या हनुवटीला.

घरी आठ महिन्यांची लेक प्रतिमा. शरयूमामींनी फर्मान काढलं, "ज्या दिवशी मास्क उतरला, त्या दिवशी पोरीला हात लावायचा नाही." तपासनीस शेजारच्याच क्वार्टरात होत्या: वॉर्डातल्या सरोजिनी सिस्टर. संध्याकाळी भिंतीवरून अहवाल यायचा, "आज चार वेळा!" की मामा पाळण्यापासून लांब बसून नुसता खुळखुळा वाजवायचे. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी मामा सहा नंबरच्या खाटेपाशी औषध घेऊन गेले. तिथं बारूद भरायच्या शेडचे फोरमन भय्यासाहेब खोकत बसलेले. मामांनी मास्क खाली ओढला.

"काहून उतरवून राहिला रे?"

"जी, तुम्ही मोठे..."

"अच्छा! शेडच्या गेटवर मी बड्या साहेबांचेही खिसे तपासायचो. म्हणायचो, साहेब, सलाम घ्या, पण माचिस इथंच ठेवा. एक काडी आत गेली तर सलाम ठोकायला उरणार कोण? माझा खोकला म्हणजे ती काडी समज. चलो, वर कर."

मामांनी मास्क वर केला. मग एवढ्या मोठ्या माणसानं समजावलं म्हणून "हो जी" म्हणायला पुन्हा खाली घेतला.

भय्यासाहेबांनी वर्तमानपत्राची गुंडाळी त्यांच्या मनगटावर हाणली. "अरे बाबा, मान हलव! मशीनच्या खडखडाटात आम्ही मानेनंच बोलतो." एवढं बोलून त्यांनी स्वतःचं तोंड टॉवेलात खुपसलं आणि मनसोक्त खोकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंतीवरून आवाज आला, "शरयू, आज एकदाही नाही! फक्त दिवसभर नंदीबैलासारखी मान हलवत होते."

मामींनी प्रतिमाला मामांच्या कडेवर दिलं. मामा खुशीत भिंतीपाशी सिस्टरांचे आभार मानायला गेले. सिस्टर वयानं मोठ्या. मामांचा मोकळा हात वर गेला आणि तोंडावर नसलेला मास्क त्यांनी अदबीनं हनुवटीवर ओढला.

सिस्टरांनी मामींकडे पाहिलं. "हे मोजायचं का गं?"

मामांनी पोरीला घट्ट धरलं आणि जोरजोरात नकाराची मान हलवली.